जुन्या रिव्हॉल्व्हरचा सातबारा कसा काढायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका वाड्याची दुरुस्ती काढली, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत एक लाकडी पेटी सापडली. पेटीत पाच गोळ्यांचं, केपावर चालणारं जुनं रिव्हॉल्व्हर आहे. वरच्या पट्टीवर लंडनचा पत्ता कोरलेला आहे आणि बाजूला नंबर. पेटीखाली कापडात बांधलेले काही मोडी कागदही होते. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की खापरपणजोबांनी १८५७ च्या धामधुमीत हे एका गोऱ्या साहेबाकडून हिसकावून घेतलं. विचारणाऱ्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: ही हकिगत खरी का, ती तपासायची कशी, आणि गंज काढून हत्यार चकाचक करून दिवाणखान्यात लावलं तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे एका दुपारीत होणारं नुकसान पुन्हा भरून येत नाही. घासू नका. काचकागद नको, चिंच नको, रांगोळी नको, पितळ उजळायचं पॉलिशही नको. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्या लोखंडाच्या वरच्या केसभर थरात आहेत. तो थर गेला की हातात फक्त जुनं लोखंड उरतं.

त्याच्याही आधी एक काम. हे ठासणीचं हत्यार आहे. सिलिंडरच्या प्रत्येक घरात पुढून दारू आणि गोळी भरायची आणि मागच्या निपलवर, म्हणजे छोट्या पोकळ टोकावर, तांब्याची केप, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, बसवायची, अशी त्याची रीत. काळी दारू कोरडी राहिली असेल तर दीडशे वर्षांनीही पेटते. माळ्यावरून निघालेली ठासणीची हत्यारं भरलेली असणं मी स्वतः दोनदा पाहिलंय. म्हणून चाप ओढून बघू नका, नळीत डोकावू नका आणि मुलांना हातात देऊ नका. सिलिंडर भरलेलं आहे की रिकामं, हे शस्त्रांच्या परवानाधारक दुकानदाराकडून किंवा पोलिसांच्या आर्मररकडूनच (शस्त्रं सांभाळणाऱ्या कारागिराकडून) तपासून घ्या.

ओघाने कायद्याबद्दल. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगणं गुन्हा आहे. कलम ४५ मध्ये कालबाह्य बनावटीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे खरी, पण ते हत्यार दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येत नसेल तरच. ते तसं आहे की नाही हे आपण घरबसल्या ठरवायचं नसतं. सापडलं त्याची तारीख घालून पोलीस ठाण्यात लेखी कळवा, पोच घ्या आणि तपासणीचा कागद जपून ठेवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणून १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होतो. त्यामुळे परदेशातल्या लिलावात पाठवायचा विचार मनात असेल तर तो आजच सोडा, खासगी माणसाला अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींना तिथे जुनी हत्यारं जमवणं बरंच सोपं आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार पुरातन धरलं जातं. इथला रस्ता वेगळा आहे आणि तो सरळच चालावा.

आता मुख्य विषय. मी गेली २८ वर्षं संग्रहालयांच्या आणि जुन्या घराण्यांच्या शस्त्रसंग्रहांच्या नोंदी करतोय. या कामात एक नियम मी मोडत नाही: आधी लोखंड वाचायचं, मग कागद, आणि घरातली गोष्ट सगळ्यांत शेवटी. गोष्ट खोटी असते म्हणून नव्हे. ती आधी ऐकली की डोळे लोखंडावर तेवढंच शोधू लागतात म्हणून.

तुमच्या वर्णनावरून हे अ‍ॅडम्सचं रिव्हॉल्व्हर दिसतंय. रॉबर्ट अ‍ॅडम्स या लंडनच्या कारागिराने २४ फेब्रुवारी १८५१ ला त्याचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी लंडनच्या भव्य प्रदर्शनात ते मांडलं. अमेरिकेहून आलेला सॅम्युअल कोल्टही तिथे आपली रिव्हॉल्व्हरं घेऊन बसला होता. दोघांच्या हत्यारांत मुळातच फरक. कोल्टचा सांगाडा वरून उघडा आणि नळी वेगळी जोडलेली, तर अ‍ॅडम्सची नळी आणि सांगाडा एकाच लोखंडातून घडवलेला. कोल्टचा घोडा, म्हणजे केपेवर आपटणारा हातोडा, प्रत्येक वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागे. अ‍ॅडम्सला नुसता चाप ओढला की घोडा आपोआप उठून पडे. नेम त्याने थोडा हलायचा, पण हातघाईच्या लढाईत झटपट पाच बार निघायचे. १८५४ मध्ये क्रिमियातल्या इंकरमनच्या लढाईत चार रशियन शिपायांनी घेरलेल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने आपण अ‍ॅडम्समुळे वाचल्याचं पत्र लिहिलं होतं, आणि हिंदुस्थानात निघालेले तरुण अधिकारी पदरचे पैसे मोडून हे हत्यार का घेत ते त्यावरून कळतं.

म्हणून पहिलं काम घोड्याकडे बघणं. घोड्याच्या मागे अंगठा टेकवायला शेपटीसारखा भाग आहे का? नसेल तर ही १८५१ ची मूळ बनावट. असेल तर ही ब्यूमाँट-अ‍ॅडम्स. फ्रेडरिक ब्यूमाँट या इंजिनियर पलटणीतल्या लेफ्टनंटने १८५५ मध्ये पेटंट घेऊन सोय केली की घोडा अंगठ्यानेही ओढता यावा आणि नुसत्या चापानेही. १८५६ मध्ये ब्रिटिश लष्कराने तीच बनावट स्वीकारली.

मग नळीची डावी बाजू. तिथे गोळी ठासायचा लोखंडी दांडा आडवा बसवलेला असेल तर तो बहुधा जेम्स केरच्या १८५५ च्या पेटंटचा. सुरुवातीच्या अ‍ॅडम्सला दांडाच नव्हता. गोळीच्या बुडाशी छोटी शेपटी ओतलेली असे, तिच्यावर नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) चकती बसवून गोळी अंगठ्याने आत दाबायची. पेटीत गोळ्या ओतायचा साचा असेल तर तो उघडून बघा. आत शेपटीसाठी खोबण असेल तर साचा आणि हत्यार एकाच काळातले असण्याची शक्यता वाढते. पेटीत दोन्ही आहेत पण एकमेकांशी जुळत नाहीत, असंही पुष्कळदा असतं. मग पेटी नंतर कुणीतरी जमवलेली आहे असं समजायचं.

वरच्या पट्टीवरचं नाव अक्षर-अक्षर उतरवून घ्या. 'डीन, अ‍ॅडम्स अँड डीन, ३० किंग विल्यम स्ट्रीट, लंडन ब्रिज' असं असेल तर हत्यार १८५१ ते १८५६ या काळातलं. १८५६ मध्ये अ‍ॅडम्स भागीदारीतून बाहेर पडून लंडन आर्मरी कंपनीत गेला आणि त्याच पत्त्यावर 'डीन अँड सन' राहिले. म्हणजे नावातल्या एका शब्दाने तुमच्या हत्याराचा काळ पाच-सहा वर्षांच्या चिमटीत सापडतो. लंडनऐवजी कलकत्त्याच्या मँटनसारख्या दुकानाचं नाव असेल तर हत्यार हिंदुस्थानातच विकलं गेलं, आणि शोधाची दिशाच बदलते.

नंतर ठसे. लंडनच्या प्रूफ हाउसमध्ये प्रत्येक नळी जास्त दारू भरून उडवून तपासत आणि मुकुटाखाली जीपी व मुकुटाखाली व्ही असे बारीक ठसे मारत. अ‍ॅडम्सच्या सिलिंडरवर ते घरांच्या मधल्या जागेत सापडतात. बर्मिंगहॅमचा त्या काळचा ठसा वेगळा, त्यात एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड आणि वर मुकुट असतो. लंबगोलात ईएलजी अशी अक्षरं आणि खाली तारा दिसला, तर हत्यार बेल्जियममधल्या लिएजचं आहे. तिथे अ‍ॅडम्सच्या परवानगीनेही ही रिव्हॉल्व्हरं बनत आणि परवानगीशिवायही. त्या लंबगोलावर मुकुट असेल तर काम १८९३ नंतरचं, आणि मग १८५७ ची गोष्ट तिथेच संपते. सरकारी खरेदीच्या हत्यारावर बाणाच्या टोकासारखी खूण असते. ती नसेल तर ते बहुतेक अधिकाऱ्याने स्वतःच्या पैशाने घेतलेलं, आणि शोधाच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे, कारण स्वतःच्या वस्तूवर माणूस नाव घालतो.

नंबर सांगाड्यावर आणि सिलिंडरवर असा दोन ठिकाणी असतो. दोन्ही एकच आहेत का ते बघा. वेगळे असतील तर सिलिंडर दुसऱ्या हत्याराचं. नळीच्या मापाचाही गोंधळ होतो. '५४ बोअर' म्हणजे त्या मापाच्या ५४ गोळ्यांचं वजन एक पौंड. इंचात मोजायचं तर ते माप .४४२ येतं.

इथे खंडेनवमीचा विषय काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडच्या घराण्यातली हत्यारं मी हातात घेतली की पहिल्यांदा खोदकामाच्या खोबणी बघतो. दरवर्षी नवरात्रात हत्यारं उतरवायची, राखेने किंवा विटेच्या भुकटीने घासायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, हा रिवाज मोठ्या श्रद्धेचा आहे आणि तो थांबावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण शंभर वेळा घासल्यावर ठशांच्या कडा वितळल्यासारख्या गुळगुळीत होतात. सांगलीकडच्या एका घरातल्या रिव्हॉल्व्हरवर प्रूफचा एकही ठसा वाचता येत नव्हता. मूठ उलटी केली, तर बुडाच्या पितळी चकतीवर लालसर पिवळा मळ भरलेला दिसला, हळद आणि कुंकू वर्षानुवर्षं तेलात घट्ट झालेलं. बांबूच्या टोकदार काडीने, दहापटीच्या भिंगाखाली, ते कणाकणाने काढायला दोन दिवस लागले. खाली नावाची तीन आद्याक्षरं आणि पलटणीचा आकडा निघाला. हळदकुंकवाने ती अक्षरं झाकली होती आणि त्यामुळेच ती विटेच्या भुकटीपासून वाचली होती. पूजा जरूर करा, फक्त हत्याराखाली कापड घाला आणि हळदकुंकू त्या कापडावर वाहा.

आद्याक्षरं आणि पलटण मिळाली की कागदांचं काम सुरू होतं. ब्रिटिश लष्कराच्या अधिकाऱ्यांच्या छापील याद्या दरवर्षी निघत, हार्टची आर्मी लिस्ट त्यातली सगळ्यांत उपयोगी. कंपनीच्या फौजेसाठी ईस्ट इंडिया रजिस्टर. एका पलटणीत त्या आद्याक्षरांचा बहुधा एकच माणूस सापडतो. पुढचं दार लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्सचं. तिथे हिंदुस्थानात वारलेल्या युरोपियनांच्या मालमत्तेच्या याद्या जपलेल्या आहेत, मुंबई इलाख्याच्याही. अधिकारी वारला की त्याचं सामान पलटणीतच लिलावात काढायची पद्धत होती. घोडा, खोगीर, पुस्तकं, पिस्तुलं असा एकेक जिन्नस, आणि पुष्कळ याद्यांत विकत घेणाऱ्याचं नाव आणि आलेली किंमतही लिहिलेली. गोऱ्या माणसाचं हत्यार मराठी घरात येण्याच्या वाटा अनेक होत्या, आणि लढाईत हिसकावणं ही त्यातली एक. लिलावात घेणं, इनामदाराला मिळालेली भेट, निवृत्त साहेबाने जाताना विकलेलं, संस्थानच्या शिलेखान्यातून आलेलं, या बाकीच्या. जमिनीच्या सातबाऱ्यावर जसे फेरफार एकाखाली एक चढतात, तसा एकेक हात नोंदीने सिद्ध करत मागे जायचं.

नोंद असणं आणि नसणं यातला फरक दोन लिलावांवरून सांगतो. दोन्ही रिव्हॉल्व्हरं ७ मिलिमीटरची, लफोशो या फ्रेंच बनावटीची, स्वतः वस्तू म्हणून अगदी साधी. पहिलं कवी पॉल व्हर्लेनने १० जुलै १८७३ ला ब्रसेल्समध्ये विकत घेतलं आणि त्याच दिवशी आर्थर रँबोवर झाडलं. गोळी मनगटाला लागली. व्हर्लेनला दोन वर्षांची कैद झाली. हत्याराचा नंबर दुकानदाराच्या वहीतल्या नोंदीशी जुळला. नोव्हेंबर २०१६ मध्ये पॅरिसच्या लिलावात त्याला ४,३४,५०० युरो मिळाले. दुसरं ओव्हेर-सुर-वाझ गावाच्या शेतात साठच्या दशकात एका शेतकऱ्याला सापडलं. विन्सेंट व्हॅन गॉगने १८९० मध्ये स्वतःवर गोळी झाडली ती याच परिसरात. गोळीचं माप जुळतं, जमिनीत गंजण्याचा काळ जुळतो, जागा जुळते. पण हे रिव्हॉल्व्हर त्या हातात होतं असं सांगणारा कागद नाही. जून २०१९ मध्ये ते १,६२,५०० युरोंना गेलं. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध चित्रकारांपैकी एकाचं नाव जोडलेलं असूनही किंमत पहिल्याच्या निम्म्याहून कमी.

नंबरच्या नोंदीचं बळ आपल्या देशाच्या इतिहासातही दिसतं. २६ ऑगस्ट १९१४ ला कलकत्त्यात रोडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं पळवली. ती रिव्हॉल्व्हरं नव्हेत, पण मुद्दा तोच. रोडाच्या वहीत प्रत्येक पिस्तुलाचा नंबर होता. म्हणून पुढे बंगालमध्ये कुठेही पिस्तूल पकडलं गेलं की ते या पन्नासांतलं आहे की नाही हे पोलिसांना सांगता येई. आज त्याच नंबरांवरून इतिहासकारही ती ओळखू शकतात. आपल्या नाशिकला २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेऱ्यांनी जॅक्सनवर झाडलेलं ब्राउनिंग लंडनहून आलेल्या २० पिस्तुलांपैकी होतं, ही साखळी खटल्यात मांडली गेली आणि सावरकरांना झालेल्या शिक्षेत तिचा मोठा वाटा होता.

बनावटगिरीबद्दल फार लिहीत नाही, कारण माळ्यावरून निघालेल्या पेटीत ती क्वचित असते. विकत घेणाऱ्यांनी मात्र झाकणाच्या आतला छापील कागद अतिनील (यूव्ही) किरणांच्या दिव्याखाली धरावा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला पांढरा कागद निळा चमकतो, जुना चमकत नाही. आणि ज्यांना दुर्मीळ हत्यारांची ओढ आहे त्यांनी वेब्ली-फॉसबेरीबद्दल जरूर वाचावं. बार उडाल्याच्या धक्क्यानेच पुन्हा सज्ज होणारं हे रिव्हॉल्व्हर बंगाल फौजेत नोकरी केलेल्या जॉर्ज फॉसबेरीने कल्पिलं, आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉसही हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर १८६३ मध्ये केलेल्या पराक्रमासाठी मिळाला होता.

जपणुकीचं थोडक्यात सांगतो. कातडी म्यानात किंवा जुन्या पेटीच्या लोकरी अस्तरात हत्यार ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर नकोच. सुती हातमोजे घालून मऊ कापडाने धूळ पुसा आणि संग्रहालयात वापरतात त्या मेणाचा पातळ हात द्या. पेटी, साचा, दारूची कुपी, केपांची डबी, यातलं काहीही देऊन-विकून वेगळं करू नका. कुपीवर शेफील्डच्या डिक्सनचं किंवा हॉक्सलीचं नाव असेल तर तेही टिपून ठेवा.

आता तुमच्या घरातल्या गोष्टीकडे येतो. ती मी झटकून टाकत नाही, कारण ती तपासता येण्याजोगी आहे. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ व्या मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीने उठाव केला. त्यात पलटणीचे तीन तरुण गोरे अधिकारी मारले गेले. डिसेंबरमध्ये शहराचे दरवाजे बंद करून दुसरा उठाव झाला आणि तो मोडला गेला. म्हणजे हत्यार जाऊ शकेल अशा साहेबांची यादी फार लांब नाही. चकतीवर किंवा पेटीच्या झाकणावर आद्याक्षरं निघालीच, तर त्या तीन नावांशी ताडून बघायला एक सकाळ पुरेल. उलट बाजूही लक्षात घ्या. पुढे दक्षिण मराठा मुलुखात हत्यारं गोळा करण्याची कडक मोहीम झाली, १८५८ मध्ये नरगुंदचा उठाव पेटायला तेच एक मोठं कारण होतं. साहेबाला मारून घेतलेलं, पट्टीवर लंडनचा पत्ता असलेलं हत्यार त्या झडतीतून लपवून ठेवणं ही साधी गोष्ट नव्हती. लपवलं असेल तर त्याची आठवण घरात दुसऱ्या कुठल्या तरी रूपानेही उरते. कुणीतरी तुरुंगात गेलं, जमीन जप्त झाली, शाखा दुसऱ्या गावी गेली. घरातल्या वडीलधाऱ्यांना हत्याराबद्दल विचारू नका, त्या वर्षांत घराचं काय झालं ते विचारा.

आणि पेटीखालचं ते मोडी दप्तर. तुम्ही त्याचा उल्लेख एका ओळीत करून पुढे गेलात, पण रिव्हॉल्व्हरइतकंच मोल मी त्याला देतो. सांगलीच्या त्या घरातही गोष्ट लढाईचीच सांगत होते. लंडनहून आलेल्या यादीत तो अधिकारी पटकीने वारल्याचं आणि त्याचं सामान विकल्याचं निघालं, तेव्हा घरातल्या आजोबांचा चेहरा उतरला. मग त्यांच्याच रोजकीर्दीत, त्याच महिन्याच्या पानावर, विलायती तमंचा पेटीसकट घेतल्याची नोंद आणि दिलेली रक्कम सापडली. मूळ पुरुषाचं नाव, घेतलं ते गाव आणि तिथी. आजोबांनी ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

तुमच्या दप्तरात शके १७७९ किंवा फसली (महसुली सन) १२६७, म्हणजे १८५७-५८ च्या आसपासचे कागद आधी वेगळे काढा. तमंचा, पिस्तूल, विलायती, पेटी, लिलाव हे शब्द शोधायचे. मोडी वाचणारं कुणी ओळखीचं नसेल तर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा राज्याच्या पुराभिलेख विभागाकडे विचारा, तिथे मोडीचे जाणकार भेटतात. दप्तराची गाठ सुटत नसेल तर ओढू नका, कात्रीने कापड कापा. कागद उन्हात वाळत घालू नका. आणि कोणता कागद कोणत्या कागदाखाली होता तो क्रम बदलण्याआधी प्रत्येक थराचा फोटो काढून ठेवा.